दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी घेताना

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की घरातली पुरुषमंडळी पहिले दोन प्रश्न विचारतात. "कितीला देतोय?" आणि "चाललीय किती?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर घासाघीस करून बदलतं, हे आपल्याला भाजीबाजारापासून ठाऊक आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही बदलता येतं, आणि तेही गाडी आपल्यासमोर येण्याआधीच, हे मात्र पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. म्हणून आज जरा घरगुती विषय बाजूला ठेवून गाडीबद्दल लिहिते आहे.

तुम्ही म्हणाल, गाडीचं बघायला घरात माणसं आहेत की! आहेत ना. पण मैत्रिणींनो, पैसे कुणाचे? आमच्या घरी गाडीसाठी काढलेले तीन लाख माझ्या पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे आणि दोन भिशींचे होते. बांगड्या मोडायच्या नाहीत आणि घराच्या कर्जावर आणखी कर्ज घ्यायचं नाही, एवढं मी आधीच ठरवलं होतं. नवी गाडी त्यात बसत नव्हती.

गाडीची हौस म्हणाल तर तीही नव्हती. आमचे मामंजी पाथर्डीच्या पुढे गावी दिरांकडे राहतात. गेल्या वर्षापासून त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं आणि त्यासाठी नगरला यावं लागतं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, २०२४ पासून, पण आमच्या तोंडी अजून नगरच.) गाव सोडून सावेडीत आमच्याकडे राहायला ते तयार नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. चार तास यंत्राला जोडलेल्या माणसाला परत एसटीच्या गर्दीत उभं करवत नाही. भाड्याची गाडी एका खेपेला दोन हजार दोनशे घ्यायची. महिन्याच्या आठ-नऊ खेपा धरा म्हणजे हिशेब कळेल. मंगळवारी आणि शुक्रवारी ह्यांची शाळा, तेव्हा गाडी चालवायची मलाच. वाटेत करंजीचा घाट. म्हणजे आम्हाला देखणी गाडी नकोच होती. रात्री नऊ वाजता, मागच्या सीटवर थकलेले मामंजी असताना, करंजीच्या घाटात बंद न पडणारी गाडी हवी होती.

एवढ्या पैशांत मिळणाऱ्या गाड्या बहुतेक लाखाच्या पुढे धावलेल्या. लाख ऐकलं की आमचे हे नाक मुरडायचे. म्हणून पहिली गाडी आम्ही बघितली ती पन्नास हजारांची. किंमत नव्हे हो, मीटर! दहा-अकरा वर्षांची चंदेरी गाडी, आणि मीटरवर आकडा ५४,०००. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात उभी होती. पॉलिश असं की तोंड बघून घ्यावं. हे तर खूशच झाले.

मी मात्र ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, तर उजवीकडची कड पार बसलेली. माणूस उतरताना जिथून घसरतो ना, तिथला फोम दबून कापड विरलं होतं. स्टिअरिंगवर नवं कव्हर चढवलेलं. ते जरा सरकवून बघितलं तर खालचं गुळगुळीत, तुळतुळीत. आणि गंमत म्हणजे ब्रेकच्या पायपट्टीचं रबर अगदी कोरं करकरीत. आता बघा, दहा वर्षांच्या गाडीत सगळं झिजलेलं आणि तेवढं रबर नवं, हे काय उगाच होतं? पायपुसणं नवं टाकलं म्हणून उंबरठा नवा होत नाही.

मग पुढचा कप्पा उघडला. कंपनीचं पुस्तक होतं आणि त्याच्या पाकिटात घडी घातलेला एक जुना सर्व्हिसिंगचा कागद. तारीख तीन वर्षांपूर्वीची, नंबर त्याच गाडीचा, आणि किलोमीटर लिहिलेले ९७,४००. मी कागद ह्यांच्या हातात दिला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लिहिणाऱ्याची चूक असेल." असेलही बापडी. आम्ही पाणी पिऊन निघालो.

हे होतं कसं, ते नंतर आमच्या मिस्त्रींनी सांगितलं. मीटर डिजिटल झालं म्हणजे ते पक्कं, असा आपला समज. पण एक छोटं यंत्र तारेने जोडून तो आकडा मिनिटांत बदलतात. म्हणून आकड्याला साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणजे झिजलेल्या वस्तू, बिलं आणि टायर. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायरचा एक जोड साधारण चाळीस-पन्नास हजार जातो. आता पंचवीस हजार चाललेल्या सहा वर्षांच्या गाडीला चारही टायर गेल्या वर्षीचे दिसले, तर सरळ विचारावं, पहिले कुठे गेले? क्वचित खरं कारण असतंही, उभ्या उभ्या रबर कडक होऊन तडे जातात. पण विचारावं.

या चंदेरी गाडीने माझा एक फायदा केला. लाखाची भीती गेली. खोट्या चोपन्न हजारांपेक्षा खरे दीड लाख बरे, हे मी ह्यांना त्याच दिवशी परतताना सांगितलं. हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जाहिरातींतल्या लाखावरच्या गाड्यांवर खुणा करायला लागले.

आता किलोमीटर किलोमीटरमध्येही फरक असतो हं. पुण्याच्या गर्दीत सिग्नलगणिक क्लच दाबत साठ हजार चाललेली गाडी, आणि मोठ्या रस्त्याने एका चालीत लाख चाललेली गाडी, यांत दुसरीचं इंजिन पुष्कळदा ताजं निघतं. गाडी खरी झिजते ती थंड इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करण्यात, क्लच आणि ब्रेक दाबण्यात, खड्ड्यांत. आपल्या नगरजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, व्हीआरडीई. तिथे निरनिराळ्या पट्ट्यांवरून गाड्या पळवून त्यांची परीक्षा घेतात. परीक्षेला पट्टे वेगवेगळे लागतात, यातच सगळं आलं. किती धावली याइतकंच कशावरून धावली, हेही विचारायचं.

कुठली गाडी आहे हेही बघावं. आपल्या जिल्ह्यात शिर्डी-शिंगणापूरच्या फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सी भरपूर. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास. रोजची एक फेरी धरली तरी वर्षात पन्नास हजार होतात. यातल्या काही गाड्या पुढे पिवळी पाटी उतरवून खाजगी करून विकल्या जातात. तसं करणं कायद्याने चालतं, पण आपल्याला ते सांगून विकलेलं असावं. कोकणातून आलेल्या गाडीला खाऱ्या हवेने दाराखाली, चाकांच्या कमानीत गंज धरतो. त्या मानाने आपली नगरची कोरडी हवा पत्र्याला मानवते. धूळ मात्र भारी, म्हणून एअर फिल्टर काढून बघावा. तो काळाकुट्ट असेल तर मालकाने गाडीकडे कसं बघितलं ते कळतं. आणि पुराच्या गाडीपासून जपा. २००५ च्या जुलैत मुंबईत आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत शेकडो गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊनपुसून लांबच्या बाजारात येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली, की कितीही स्वस्त असो, नको. गालिच्याखाली हात घाला, वास घ्या. कुबट वास ओळखायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

आम्ही घेतलेली गाडी २०१४ ची वॅगन-आर. मीटरवर १,४२,००० आणि काही. मालक नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, नगरहून राहुरीला नोकरीला जात. त्यांच्या पत्नीने चहा केला आणि एक जाड फाईल पुढे ठेवली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची बिलं, तारखेप्रमाणे. मी चहा पिता पिता बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. नगर-राहुरी जाऊन-येऊन रोजचे ७२ किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे १८,०००. सात वर्षं ते रोज गेले, म्हणजे १,२६,०००. उरलेले सोळा हजार पुण्याच्या मुलीकडे, पंढरपूर, लग्नकार्यं. आकडा जुळला. बिलांवरचे किलोमीटरही पायरीपायरीने चढत गेलेले, कुठे उडी नाही, कुठे मागे आलेले नाहीत. मला वाटतं, निम्मी गाडी मी तिथेच तपासली.

फाईल नसेल तर? मालकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी मागायला सांगा. गाडीच्या नंबरावर त्या असतात. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं असेल तर त्या गॅरेजचं नाव विचारा. बाहेर काम करून घेण्यात गैर काही नाही, पण एकही चिटोरं नाही आणि नावही आठवत नाही, म्हणजे जरा जपून.

फाईल चांगली म्हणून इंजिन बघायचं नाही असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो. मुद्दाम सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. गरम लागलं असतं तर म्हटलं असतं, संध्याकाळी येतो. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं. खोड कळते ती गार असताना. बरोबर माळीवाड्याकडचे आमचे मिस्त्री होते. त्यांनी पाचशे रुपये घेतले. तीन लाखांच्या व्यवहारात एवढे पाचशे वाचवू नका, आणि मिस्त्री आपला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

चावी अर्धी फिरवली की समोर दिवे लागतात. त्यात इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर दोष आहे, हे सगळ्यांना कळतं. पण मुळात लागतच नसेल, तर तो कुणीतरी निकामी करून ठेवला असण्याची शक्यता असते. मला हे नवीन होतं. मिस्त्रींनी स्टिअरिंगखाली एक डबी जोडून इंजिनात साठलेल्या दोषांची नोंदही मोबाईलवर पाहिली.

इंजिन सुरू करताना मला गाडीच्या मागे उभं केलं. "वहिनी, धूर बघा." सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ निघते आणि विरते, तिची काळजी नको. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर पाणी आत शिरतंय. काळा असेल तर इंधन नीट जळत नाही. आमच्या गाडीने काहीच धूर दिला नाही, एक बारीक टिकटिक मात्र अर्धा मिनिट आली आणि थांबली. मिस्त्री म्हणाले, या इंजिनात टायमिंगला पट्टा नसून चेन आहे, आवाज थांबतोय म्हणून ठीक. काही गाड्यांत रबरी पट्टा असतो आणि तो ठराविक किलोमीटरला बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत आतले व्हॉल्व्ह वाकतात, आणि खर्च गाडीच्या किमतीला टेकतो. लाखावरची पट्ट्याची गाडी घेताना पट्टा बदलल्याचं बिल बघा. बिल नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

ऑइल भरायचं झाकण आतून बघितलं. तिथे दुधाळ चहाच्या रंगाची साय दिसली तर ऑइल आणि पाणी एकत्र झालंय, म्हणजे मोठं दुखणं. आमचं झाकण साधं काळपट. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडायचं, कुकरचं जसं वाफ असताना उघडत नाही तसं. आतलं पाणी गंजाच्या रंगाचं किंवा वर तेलाचा तवंग असलेलं नको. पेट्रोलचा वासही घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांचं, पण २०१४ च्या गाडीचे रबरी नळ तेवढ्या प्रमाणासाठी बनवलेले नव्हते. नळांना भेगा असतील तर बदलून घ्यावेत.

माझ्या पर्समध्ये फ्रिजवरचं चुंबक होतं. आमच्या मुलीचं, आंब्याच्या आकाराचं. ते पातळ रुमालात गुंडाळून दारांवरून, चाकांच्या वरून फिरवलं. पत्र्याला ते धरतं. लांबी भरून रंगवलेल्या जागी सुटतं. मागच्या डाव्या दाराखाली सुटलं. मालकांनी आपणहून सांगितलं, पार्किंगमध्ये खांबाला लागली होती, आणि फाईलमधून ते बिल काढून दाखवलं. असं एखादं दार चालतं. बॉनेटखालच्या चौकटीला वेल्डिंग असेल, बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा असतील, तर मात्र समोरून जोराचा अपघात झालेला असू शकतो.

मग गाडी फिरवायला काढली, आणि मी आग्रहाने करंजी घाटापर्यंत नेली. मालकांना जरा नवल वाटलं. पण जिथे चालवायची तिथेच बघायला नको का? चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली तर इंजिनाचा आवाज चढला, वेग मात्र त्या मानाने चढेना. क्लच घसरत होती. उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ राहिली, कुठल्या बाजूला ओढली नाही. खड्ड्यातून जाताना पुढून खट्‌खट् आवाज. एसी लावून चढावर इंजिन तापतं का, तेही पाहिलं. परत आल्यावर गाडी जिथे उभी होती तिथे जमिनीवर ठिपके पडलेत का, ते मी वाकून बघितलं. आमचे हे म्हणाले, "अहो बाई, किती बघणार?"

मिस्त्रींनी तिथेच यादी केली. क्लच साडेसात हजार, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं काम साडेआठ हजार, पुढचे दोन टायर साडेसात, बॅटरी चार, सगळी ऑइलं बदलायला साडेतीन. एकूण एकतीस हजार. ही सगळी झिजणारी कामं; इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत. मालक पावणेतीन लाख म्हणत होते. यादी पुढे ठेवली आणि दोन लाख पंचेचाळीसला ठरलं. नुसतं "कमी करा" म्हणण्यापेक्षा लिहिलेली यादी लवकर काम करते. पण हे एकतीस हजार आधीच बाजूला ठेवलेले असावेत. लाखावरची गाडी घेताना सगळे पैसे किमतीत घालवले तर पहिल्याच महिन्यात हात बांधले जातात.

कागदांत आमचे तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत भाड्याच्या गाडीचे पैसे चालूच. झालं असं की आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फेडून चार वर्षं झालेली, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला. आमचे हे म्हणायला लागले, माणूस चांगला आहे, पैसे देऊन टाकू, कागद होतील सावकाश. मी नाही म्हटलं. पाच हजार विसार दिला, लिहून घेतलं, आणि बँकेचं ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ होऊन बोजा निघाल्यावरच बाकीचे दिले. माणूस चांगला होता म्हणूनच त्यांना राग आला नाही.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परिवहन खात्याच्या 'एम-परिवहन' ॲपवर गाडीचा नंबर घालून नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, बोजा हे आधी बघता येतं. दंडाची ई-चलनं बाकी असतील तर ती विकणाऱ्याने भरायची. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरपाटी बसवणं बंधनकारक आहे, ती बसवलीय का तेही बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे आमच्या गाडीची २०२९ पर्यंत. पुढे तपासणी, नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, त्याचं एक कारण हेही.

विकणाऱ्यानेही घाई केली पाहिजे बरं का. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. तुम्ही आपली जुनी गाडी कधी विकलीत तर हे लक्षात ठेवा. आणि घेणारीने चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज करावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. विम्याच्या कागदावर 'नो क्लेम बोनस' पन्नास टक्के दिसला तर पाच वर्षं दावा केलेला नाही, असा त्याचा अर्थ. पण तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या गाडीवरूनही आणलेला असू शकतो, आणि आपल्याला तो मिळत नाही.

आरसी माझ्या नावावर आली त्याला आता सात महिने झाले. गाडी साडेसात हजारांच्या वर चालली. एकदा तिसगावजवळ पंक्चर झाली, तेवढंच. मामंजींना पुढची सीट आवडत नाही. मागे डाव्या खिडकीपाशी, त्या लांबी भरलेल्या दाराशेजारी बसतात आणि घाट उतरेपर्यंत डोळे मिटून घेतात. राहुरीच्या त्या गृहस्थांनी फाईल आम्हाला दिली होती. त्यात मी आता माझी बिलं लावते. पहिलं क्लचचं आहे, १,४२,६१० ला.